पितृपक्षातला पेंटियम

रविवार, ३१ ऑगस्ट १९९७

सुमंतनं साताऱ्याहून पाठवलेली नवी मोटार-रेस आज लावली. सुमंत माझा मावसभाऊ. स्वस्तातले सुटे भाग जमवून हा कॉम्प्युटर त्यानंच मला जोडून दिला. गाडी सुरू झाली. घाट लागला. पहिल्याच वळणावर पडदा गोठला. गाडी अर्धी कठड्याबाहेर, मी खुर्चीत. थोडा वेळ वाट बघितली. मग बटण बंद केलं. मी वाट बघत बसणाऱ्यातला नाही.

गेमच्या कागदावर छापलंय, पेंटियम पाहिजे. माझा फोर-एट-सिक्स, त्याच्या आधीच्या पिढीतला. म्हणजे ते वळण आपल्या नशिबात नाही.

घरच्यांना यात हसण्यासारखं काय वाटतं कळत नाही. दिवसभर ऑफिस, तिथं साहेब. संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतलं घर, तिथं आप्पा. चौतिसावं चालू आहे, पण स्कूटरची किल्ली अजून वडिलांच्या उशाशी असते. कुठं, कशाला, कधी येणार, एवढं सांगितलं की मिळते. सात ते आठ मी त्या पडद्यात असतो तेव्हा कुणी काही विचारत नाही. सगळ्या दिवसात तेवढाच माझा.

संकल्प: आठ दिवसांत निर्णय. ह्यालाच अपग्रेड करायचं की काढून टाकून नवा आणायचा. गेम खेळणाऱ्याची निर्णयक्षमता फार वाढलेली असते. आठ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

मंगळवार, २ सप्टेंबर

निर्णय झाला. अपग्रेड. आता माघार नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

नवाच. निर्णय बदललेला नाही, परिपक्व झाला आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

गणपतीची गडबड. निर्णय विसर्जनानंतर.

शरयूची भुणभुण सुरू आहे. कॉम्प्युटर डायनिंग टेबलावर आहे, आणि ते टेबल तिच्या माहेरून लग्नात आलेलं. म्हणाली, अहो, माझ्याच टेबलावर मला मेली आमटीची वाटी ठेवायला जागा नाही, पाहुणे आले की ताटं मांडीवर. मी म्हणालो, खाली बसून जेवणं पोटाला चांगलं. ती म्हणाली, मग तुम्ही खाली बसून गाड्या चालवा. बायकांना तांत्रिक बाबी समजावणं अवघड.

ऑफिसचं काम असतं असं मी घरी सांगितलंय. त्यात खोटं काही नाही. ऑफिसच्या कामानं आलेला शीण मी तिथं घालवतो.

रविवार, १४ सप्टेंबर

सीपीयू चादरीत गुंडाळून साताऱ्याला सुमंतकडे निघालो. एसटीत वरच्या फळीवर ठेवायला जीव झाला नाही. मांडीवर घेतला.

इस्लामपूरला शेजारी एक पटकेवाले बाबा बसले. हिंदुराव नाव, उंब्रजचे. म्हणाले, लय जपून धरलंय, बाळ हाय व्हय? कॉम्प्युटर म्हटल्यावर चादर वर करून बघितलं. बिगाडलाय कवा म्हणाले. मी म्हणालो, बिघडला नाही, चालतो, पण हळू चालतो. तर म्हणतात कसे, आवं, चालतोय तर मांडीवर घिऊन हिंडवताय कशाला त्येला? उंब्रजला उतरताना पुन्हा वळून, काय त्यो निकाल लावून टाका पाव्हणं, पायाला मुंग्या येतील. आल्याच होत्या.

सुमंतनं डबा उघडला, फुंकर मारली, आम्ही दोघं शिंकलो. निदान असं: बोर्ड नवा पेंटियमचा घालायचा. मग जुनी मेमरी त्यात बसत नाही, ती नवी. मग पडद्याचं कार्ड बसत नाही, तेही नवं. मग वीज पुरत नाही. बाकी सगळं तेच राहील म्हणाला. बाकी म्हणजे डबा, मॉनिटर आणि कीबोर्ड.

मी विचारलं, मग सरळ नवाच घेतला तर? म्हणाला, उत्तम, पण हा कोण घेणार? कुणीच नाही. आणि हा टेबलावर चालू उभा असेपर्यंत आप्पा दुसरा घरात येऊ देणार नाहीत. हे मला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त लागतं.

एक पेंटियम बोर्ड त्याच्याकडे येणार आहे. तो माझ्यासाठी धरून ठेवतो म्हणाला. सीपीयू परत सांगलीला. तीच मांडी.

बुधवार, १७ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आप्पांचा हुकूम: सर्वपित्रीपर्यंत घरात नवी वस्तू येणार नाही. केरसुणीसुद्धा नाही.

मला उलट बरं वाटलं. शांतपणे अभ्यास करायला पंधरवडा मिळाला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सुमंतचा फोन. बोर्ड आला. खंडाळ्याचं एक गिऱ्हाईक मागं लागलंय. अमावास्येपर्यंत थांबतो म्हणाला, पुढं नाही.

झालं! पुढून पितर, मागून खंडाळा. मधे मी.

संध्याकाळी तोंड धुताना एकदम सुचलं. अपग्रेड म्हणजे नवी वस्तू नव्हेच, दुरुस्ती! गेल्या वर्षी याच पंधरवड्यात मोरीच्या नळाला नवा वॉशर घातला होता, तेव्हा पितरांनी हरकत घेतली नव्हती. आप्पांपुढं मुद्दा मांडला. ते बराच वेळ नळाकडं बघत होते. म्हणाले, आठल्ये गुरुजी सोमवारी श्राद्धाचं ठरवायला येतायत, ते सांगतील तसं.

केस जिंकल्यात जमा.

सोमवार, २२ सप्टेंबर

गुरुजी आले. आप्पांनी प्रश्न घातला. गुरुजींनी शांतपणे विचारलं की यंत्रात काय बदलणार आणि काय राहणार.

इथं मी फक्त “थोडं काहीतरी” म्हणायचं होतं. पण विषय माझा. आजवर या घरात त्याबद्दल मला कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं. मी सुरू झालो. बोर्ड सांगितला, मेमरी सांगितली, वेग किती पट वाढणार ते हात फिरवून दाखवलं. शेवटी म्हणालो, गुरुजी, जुन्याचं नावसुद्धा राहणार नाही, पुनर्जन्मच समजा!

गुरुजी म्हणाले, मग नवीनच वस्तू झाली की, पितृपक्षात नको. आप्पांनी मान डोलावली. शरयू पदर तोंडाला लावून आत गेली. तिला ठसका लागला असावा.

चहा घेताना गुरुजी मॉनिटरजवळ जाऊन उभे राहिले. म्हणाले, पुण्याला हल्ली यंत्रावर जन्मपत्रिका काढून देतात म्हणे, आमचे यजमान तिकडं जायला लागलेत, याच्यावर निघेल का हो? मी म्हणालो, प्रोग्रॅम टाकला की चुटकीसरशी. ते बराच वेळ बघत राहिले.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मी साधा माणूस नाही. हे आज पुन्हा सिद्ध झालं.

अडचण एकच आहे, की जुना घरात आहे म्हणून नवा येत नाही. जुना कुणी घेत नाही. पण दान? दान कोण नाही म्हणतं? परवा आजोबांचं श्राद्ध. आजोबांना पंचांगाचा भयंकर नाद होता. त्यांच्या नावानं गुरुजींना पत्रिका काढायचं यंत्र द्यायचं. टेबल रिकामं, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पेंटियम!

सुमंतला फोन करून सांगितलं की बोर्ड खंडाळ्याला देऊन टाक. मी ठिगळं लावत बसणाऱ्यातला नाही.

मग आप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते. मधू, म्हणाले, तुझ्या मनात हे येईल असं मला वाटलं नव्हतं. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दहावी पास झालो तेव्हासुद्धा ठेवला नव्हता.

किंचित लाज वाटली. मग पेंटियम आठवला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

श्राद्ध यथासांग झालं. पाटावर मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड. माझ्याच हातानं उदक सोडलं. चार थेंब कीबोर्डवर गेले, ते उपरण्यानं टिपले. गुरुजी रिक्षात मॉनिटर पोटाशी धरून बसले आणि गावभागाकडे रवाना. रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत शरयूनं टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड घातलं. ते तिनं आधीच आणून ठेवलं असणार. म्हणजे पितृपक्षात नवी वस्तू. जिंकलेल्यानं मोठं मन ठेवावं.

गाडी चालवायची जॉयस्टिक दिली नाही. ती तांत्रिकदृष्ट्या कॉम्प्युटरचा भाग नाही. कपाटात शर्टांच्या खाली आहे.

रेस पुसायची राहिली. असू दे. गुरुजी तिचं काय करणार?

शुक्रवार, २६ सप्टेंबर

टेबलावर जेवलो. शरयूनं आमटीची वाटी उगाचच या टोकाहून त्या टोकाला नेऊन ठेवली.

सात वाजता सवयीनं जाऊन बसलो. समोर लोणच्याची बरणी. आठपर्यंत बसलो.

गुरुवार, २ ऑक्टोबर

घट बसले. पितृपक्ष संपला, मी मोकळा. दसऱ्याची बातमी घरी एवढ्यात फोडायची नाही. आप्पा सध्या माझ्यावर खूश आहेत, येईल त्याला दानाची गोष्ट सांगतात. मुरू द्यावं.

सात ते आठ बरणी. कैरीचं संपलं, आता लिंबाचं आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बोललो. जेवताना, हलक्या आवाजात, परवा दसऱ्याला नवा कॉम्प्युटर आणू म्हणतो.

आप्पांचा घास हातात राहिला. म्हणाले, मधू, काशीला सोडून आलेलं फळ माणूस घरी येऊन खातो का? मी म्हणालो, नाही. म्हणाले, वडीलधाऱ्यांच्या नावानं सोडलेली वस्तू पुढच्या वर्षीच्या श्राद्धाच्या आत परत घरात आणली, तर ते दान कसलं? ती अडगळ काढली असं होतं. तू काय आजोबांच्या नावावर अडगळ काढलीस?

नाही म्हणालो.

तेच म्हणतो मी, असं म्हणून त्यांनी ताक मागितलं. शरयूनं वाढलं. म्हणाली, वर्ष काय, जातं हो बघता बघता. तिच्या आवाजात इतकी माया लग्नानंतर प्रथमच ऐकली.

मला आतून ओरडावंसं वाटलं. पण भात संपवला. खोली माझी, कडी माझी, आणि आत कोंडून घेणाराही मीच. आता कुणावर चिडू?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. शरयूनं विळी मांडली, पक्कड मांडली. आप्पांनी स्कूटरची किल्ली ठेवली. दरवर्षी मी कॉम्प्युटरला हार घालतो. या वर्षी माझं काहीच नव्हतं. राहवलं नाही. कपाटातून जॉयस्टिक काढून हळूच विळीशेजारी ठेवली.

आप्पांनी हळदकुंकू वाहता वाहता विचारलं, हे काय? मी म्हणालो, कॉम्प्युटरचा दांडा.

मग दान अपुरं राहिलं म्हणाले. गुरुजींना पोचवून ये.

रविवार, १९ ऑक्टोबर

आठ दिवस टाळलं. आज आप्पांनी आपण होऊन किल्ली हातात दिली. गावभागात गेलो.

गुरुजी सोवळं नेसून पडद्यासमोर बसले होते. मी पत्रिकांचं विचारलं. प्रोग्रॅम अजून पुण्याहून यायचाय म्हणाले, तोवर आत ही एक मोटार सापडली, बरी करमणूक होते. बघतो तर माझी रेस. माझा घाट.

मी म्हणालो, गुरुजी, ती पहिल्या वळणावर अडकते, याला पेंटियम लागतो. ते म्हणाले, अडकते खरी. मग मी एक माळ जप करतो. माळ होईपर्यंत वळते आपोआप.

मला वाटलं चेष्टा करतायत. गुरुजी चेष्टा करत नाहीत.

म्हणालो, उठा, मी एकदा बघतो. पुढं झालो तर हात वर करून म्हणाले, अहो, सोवळ्यात आहे, पूजा राहिलीय, शिवू नका. यंत्रालाही नको. जॉयस्टिक लांबून जमिनीवर ठेवायला लावली, तिच्यावर पळीभर पाणी शिंपडलं आणि मग उचलली. मी हात मागं बांधून खुर्चीमागं उभा राहिलो.

गाडी निघाली. घाट आला. पडदा गोठला. गुरुजींनी डोळे मिटले, माळ घेतली. मी त्या अर्ध्या लटकलेल्या गाडीकडं बघत उभा. आतून स्वयंपाकघरातला कुकर वाजत होता. माळ सरत आली आणि गाडी हलली. वळली.

वळणापलीकडं पूल होता. खाली पाणी, पुढं लांबच लांब सरळ रस्ता, दोन्हीकडं झाडं. मी त्याच कॉम्प्युटरवर इतके दिवस बसलो आणि मला हे माहीतच नव्हतं.

गुरुजींनी विचारलं, पुढं रस्ता कुठं जातो हो? तुमचंच यंत्र, तुम्हाला ठाऊक असेल.

म्हणालो, चालवा, बघू या.

निघताना म्हणाले, रविवारी मोकळे असलात तर येत चला, सोबत होते. येईन म्हणालो.

घरी आलो. शरयूनं टेबलावर ताटं मांडली होती. किल्ली आप्पांच्या उशाशी ठेवली.