पांढऱ्या दगडांपर्यंत

९ जानेवारी १९९०, मंगळवार

कुटकुटकुटकुट— पायडल थांबवलं की मागचं चाक असं बोलायचं! आज पहाटे त्यानंच उठवलं. डोळे उघडले तर सूनबाई, आशा, संक्रांतीचे तीळ कुटत होती.

तीळ कुटून झाले. माझ्या डोक्यातलं चाक काही थांबेना. आणि त्या चाकामागं धावणारी ती— बाना. कडूबा धनगराची पोर. पिशोरच्या वरचं पठार, पाय अनवाणी, झिपऱ्या वाऱ्यावर, आणि माझ्या सायकलीच्या तालावर मोठमोठ्यानं कविता!

अडतीस वर्षं झाली. ठरलं. जायचं. सायकलनं, माळावरून. एस.टी.नं गेलो तर ते जाणं नव्हे.

११ जानेवारी

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वाट काढली. शहर, हर्सूल, फुलंब्री. फुलंब्रीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी अंधार फाटायला डांबरी सोडून पठार चढायचं. पुढं झाड नाही, घर नाही, नुसतं कुसळी गवत आणि वारा. समोरून वारा असला तर उतारावरसुद्धा पायडल मारावं लागायचं.

तेव्हा मी मैल मोजत नसे, कविता मोजायचो. सपाटीला एका कवितेत अर्धा मैल, चढाला पाव. फुलंब्रीपर्यंत पस्तीस कविता. माझं शिक्षण सगळं उर्दूत. पोलिस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, आणि मला पिशोरला मराठी शिकवायला धाडलं. मुलांच्या एक पान पुढं, एवढाच मी मास्तर! रविवारी शहरातून निघताना पाठ्यपुस्तक हँडलला बांधायचो आणि पिशोर येईपर्यंत आठवड्याची कविता पाठ. त्या कविता मला कुणी शिकवल्या नाहीत. त्या माळानं शिकवल्या.

पठाराच्या मध्यावर तीन वाटा फुटतात. तिथं धनगरांनी रचलेला दगडांचा ढीग, चुन्यानं पांढरा केलेला. कुणा शेतकऱ्याचं बोलावणं आलं की धनगर मेंढरं घेऊन त्याच्या रानात बसायला जाणार. त्याला खत मिळतं, यांना धान्य. असा तळ हलवला की मागून येणाऱ्यासाठी वरच्या दगडाखाली हिरवी फांदी ठेवायची. शेंडा जिकडे, तिकडे माणसं गेली. कडूबानंच दाखवलं होतं. "मास्तर, तुमी कागदावर लिवता, आमी दगडावर. आमचं वाऱ्यानं उडत नाय."

१३ जानेवारी

पिशोरला कारभारीला कार्ड टाकलं. माझाच विद्यार्थी, आता त्याचं दुकान आहे. लिहिलं— "कडूबाची बाना कुठं दिली, माहीत असल्यास तिला निरोप दे. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायला, मास्तर सायकलनं पांढऱ्या दगडांपाशी येतो आहे."

पेटीत टाकलं. पुन्हा तीच तारीख देऊन बसलो.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणतात. कुणाशी?

१६ जानेवारी

शहागंजला हबीबभाईकडं सायकल नेली. जिन्याखाली नऊ वर्षं पडून होती. त्यानं धूळ पुसली, चाक फिरवून कान लावला— वैद्यानं नाडी बघावी तसा.

"किधर की तयारी, मास्टरसाब?"

"पिशोर. पठारावरून."

बराच वेळ हसत होता. "सायकल तो मैं नवी कर देतूँ. घुटने किदर से लाऊँ?"

मीही हसलो. परतताना सायकल हातात धरून चालत आलो. गर्दी होती, हे एक कारण. दुसरं लिहीत नाही.

१९ जानेवारी

बद्रीनाथला— आमच्या चिरंजीवांना— हँडलला नवी घंटी दिसली. मग काय! "अण्णा, वय काय तुमचं? डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पठारावर पडलात तर कुत्रं विचारायचं नाही. पिशोरला जायचंय ना? मी नेतो गाडीनं. पण काम काय तिथं?"

काम काय? मी नवी घंटी पुसायला घेतली. आशा मधे पडली, "राहू द्या हो, त्यांना जुनं आठवलं असेल." जुनं आठवलं! जुनं कधी विसरलो होतो?

२२ जानेवारी

सराव. हर्सूलपर्यंत पाच कविता धरल्या होत्या. पहिलीतच— ती झऱ्याची, जी बानाला सगळ्यांत आवडायची— दोन कडवी म्हटली आणि तिसरं येईना. पहिल्यापासून म्हटली. पुन्हा तिथंच भिंत. छाती भरून आली ती चढानं की यानं, कळलं नाही. एका टपरीवर उतरलो. चहावाला म्हणाला, "बाबा, कुनी न्यायला येनार हाय का?"

पाय गेले तर सायकल ढकलत नेईन. कविता गेल्या तर वाट कशानं मोजू?

२३ जानेवारी

तिसरं कडवं नाही.

२७ जानेवारी

लिहून टाकतो. या वहीला तरी खरं सांगावं.

१९५२ साल. कन्नडला, तालुक्याच्या गावी, तपासनीस साहेब येणार होते. शहरातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी दोन मुली निवडायच्या. वाचन, पाढे आणि एक कविता. बाना पहिली आली असती, शपथेवर सांगतो. कडूबा तयार नव्हता. "पोरीची जात, मास्तर. मेंढरं कोन बघंल?" तीन आठवडे रोज शाळा सुटली की त्याच्या तळावर जाऊन बसायचो. शेवटी एक दिवस काठी जमिनीवर आपटून म्हणाला, "लई डोकं खाल्लं! न्या. माघी पुनवंच्या दुसऱ्या दिशी, दिस उगवायला, पांढऱ्या दगडांपाशी. पोरगी हुबी ऱ्हाईल. तुमी तेवढं या मंजे झालं."

कॅरियरवर बसवून कन्नड गाठायचं होतं. कॅरियरला टोचू नये म्हणून मी पोत्याची घडीसुद्धा शिवून घेतली होती.

रविवारी सकाळी शहरात कविसंमेलन होतं. मी माझी कविता पहिल्यांदाच वाचली. टाळ्या पडल्या! दुपारी निघायचं ठरलेलं. सायकल भिंतीला टेकवलेली, घडी कॅरियरला बांधलेली. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. "संध्याकाळी आमच्याकडं बैठक आहे, तुम्ही पाहिजेच."

थांबलो.

पंक्चर झालं नव्हतं. ताप नव्हता. द्वारकेला— माझ्या बायकोला— ती जाईपर्यंत पंक्चरच सांगितलं. हेडमास्तरांना पत्रात पंक्चर लिहिलं. माझं मलाच इतक्यांदा सांगितलं की कधीकधी चाकातून वारा गेलेला ऐकू येतो! नव्हतं पंक्चर. मी थांबलो, माझी वाहवा ऐकायला. आणि बारा वर्षांची पोर माळावर उभी राहिली असेल, दिवस डोक्यावर येईपर्यंत. कवितेची उजळणी करत.

मंगळवारी शहरातूनच बदलीचा अर्ज दिला. पठारावर पुन्हा पाय ठेवला नाही. नंतर एकदा कळलं, तिचं लगीन झालं. मेंढरांमागं आहे.

त्यानंतर स्वतःची एक ओळही लिहिली नाही. लोक म्हणाले, संसारात पडला.

३० जानेवारी

कारभारीचं उत्तर नाही. असेल बाना? नसेल? धनगराच्या बाईला आयुष्य किती!

२ फेब्रुवारी

आज हर्सूलच्या उतारावर पडलो. ट्रक मागून आला, एवढंच आठवतं. घंटी वाजली ती माझीच, पडताना. दोघांनी उचलून रिक्षात घातलं. गुडघा नारळाएवढा. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाय टेकायचा नाही.

बद्रीनाथ रागावला नाही. माझ्या पायाशी बसून पट्टी बांधत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी

सायकल शेजारच्या अंगणात नेऊन ठेवली म्हणे. पुढचं चाक पार आठाचा आकडा. मी म्हटलं, हबीबभाईला दे. आशा म्हणाली, "हो, देऊ." लहान मुलाला म्हणतात तसं.

५ फेब्रुवारी

दुसरं कार्ड लिहावं का— येत नाही म्हणून? तीन दिवसांत पोचेल? आणि लिहू काय? पंक्चर?

लिहिलं आणि फाडलं. बद्रीनाथला गाडी काढ म्हणावं, तर तिथं काम काय ते आधी सांगावं लागेल.

६ फेब्रुवारी

दिवसभर छताकडं बघतो. गेल्या खेपेला तरुण होतो आणि मन आलं नाही. या खेपेला मन दगडांपाशी जाऊन बसलंय आणि पाय आला नाही. निरोप पोचला असेल तर ती पुन्हा उभी राहणार. पन्नाशीची बाई, त्याच जागी, त्याच माणसासाठी! एका जन्मात एकाच माणसाला दोनदा तिष्ठत ठेवणारा दुसरा कुणी असेल का?

देवा, निरोप पोचू नये. कार्ड गहाळ होवो. कारभारीचा चष्मा फुटो. असल्या प्रार्थना करतोय मी, अडुसष्टाव्या वर्षी.

८ फेब्रुवारी

उद्या पौर्णिमा. तिसरं कडवं अजून नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

दार वाजलं. आशा आत आली. "अण्णा, एक बाई आलीय. गुरुजी हायत का म्हणते."

भिंत धरत बाहेर गेलो. उंबऱ्यात एक पांढऱ्या केसांची, उन्हानं रापलेली बाई. खांद्यावर घोंगडी. ओळखलं नाही. तिनं वाकून पायाला हात लावला आणि हात तिथंच राहिला, पट्टीवर.

"हे काय करून घेतलं, गुरुजी? कारभाऱ्यानं बाजारात कागूद वाचून दावला. तुमी सायकलीवर येनार म्हनं! म्हनलं, ह्या बारीला गुरुजींना उनात हुबं करायचं नाय. कारभाऱ्याकडून पत्ता घेतला, आन् यष्टीत बसले."

"या बारीला?" मी विचारलं.

ती खालीच बसली. "त्या दिशी आमी नव्हतोच वो तिथं. सिल्लोडकडल्या पाटलाचं बोलावनं आलं रानात मेंढरं बसवायचं. दोन दिस आधीच तळ हालला. लई रडले म्या, बानं ऐकलं नाय. मग लिंबाची फांदी ठिवली दगडाखाली, शेंडा उगवतीला. वाटलं, गुरुजी बघतील, मागं येतील. तुमी आले नाय. मंग कळलं— फांदी वाऱ्यानं गेली आसंल, आन् तुमी वाट बघून बघून माघारी गेले आसताल. म्हनून तर गाव सोडलं तुमी! लई वरसं टोचतंय, गुरुजी. माफी करा."

म्हणजे फांदी होती. शेंडा पूर्वेला. बघायला मीच गेलो नाही.

ती समजते, मी आलो होतो.

चष्मा आणतो म्हणून आत आलो, तो हे लिहितोय. बाहेर आशानं चहा दिलाय. बाना तिला झऱ्याची कविता म्हणून दाखवते आहे, त्याच चालीवर, चाकाच्या. दुसरं कडवं संपलं. तिसरं— तिसरं येतंय तिला!

चष्मा सापडला. जातो. पंक्चर सांगणार नाही.