हवालदार काशीराम यांचा होकार

दासगाव, ता. महाड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रितम,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. वर चौकीवर बर्फ आहे, फोनला रेंज नाही आणि हातमोजे घालून लिहिल्यामुळे अक्षर असं आलंय, हे सगळं मान्य. पण "बाबा बोलले का?" हा प्रश्न तू पत्रभर पेरून ठेवला आहेस. आईने मला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि तो प्रश्न आला की दर वेळी माझ्याकडे अशी बघायची, जशी काय माझी तोंडी परीक्षाच चाललीय.

इकडे सगळे बरे आहेत. वालाच्या शेंगा भरल्यात. दुपारी आई अंगणात शेंगा सोलत बसते, शेजारी खुर्चीवर बाबा. उजवा हात अजून नीट उचलत नाही, म्हणून डाव्याने सोलतात. एक दाणा पातेल्यात टाकतात, एक कोंबडीला. आई ओरडते. बाबांना गंमत वाटते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि चांगलं आहे. पण त्यात माझीही एक गोष्ट गुंतलीय, म्हणून क्रमाने सांगते. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी तसं केलंस तर बघ.

आधी माझ्या राज्याची खबर. महाडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात आमच्या विभागाला अखेर दारावर पाटी मिळाली. 'श्रवण व वाचा विभाग', खाली 'विभागप्रमुख' आणि त्याखाली माझं नाव. प्रमुख म्हणजे काय, तर मी, नुकतीच शिकून आलेली सोनाली आणि एक कपाट. कान तपासायची बंद खोली वरच्या मजल्यावर हवी म्हणून मी हट्ट धरला होता. खाली पाणी भरतं हे महाडात कुणाला पटवावं लागत नाही, त्यामुळे तो हट्ट चालला. मात्र हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न वरही येतात. म्हणून दाराला जाड पडदा मागितला, तर रुग्णालयाचे मुख्य कर्नलसाहेब, त्यांनी विचारलं, "मॅडम, ये अस्पताल है या थिएटर?" पडदा मात्र दिला.

आपल्या म्हाताऱ्या जवानांना कान तपासणं म्हणजे भरतीची परीक्षा वाटते. नापास व्हायचं नाही एवढंच डोक्यात. डोंगरातल्या एका वाडीवरचे महिपतमामा आले होते. सगळी नोकरी तोफखान्यात, कानांचं काय झालं असेल ते तूच समज. "आवाज ऐकू आला की बटण दाबा" असं सांगून मी हेडफोन लावले आणि यंत्र सुरू करायला वळले, तोवर हे बटण दाबत सुटले. झाल्यावर छाती काढून म्हणतात, "म्याडम, येक बी चुकलो नाय!" मी म्हटलं, "मामा, मी अजून यंत्र सुरूच केलं नव्हतं." सोनाली हसू आवरायला पडद्यामागे पळाली. पण त्यांना ऐकण्याचं यंत्र कानात बसवल्यावर ते व्हरांड्यात नुसते येरझाऱ्या घालायला लागले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "चपला वाजतात गो माज्या!" आणि पुन्हा चालायला लागले. असे दिवस आले की मला हे काम सोडून दुसरं काहीही नको असतं.

आता बाबा.

भात झोडणीच्या दिवसांत अर्धांगाचा झटका आला, ते तुला माहीत आहे. तू परत गेलास तेव्हा ते एक शब्दही बोलत नव्हते. मग डिसेंबरात एक शब्द आला, "जी साब." आम्ही नाचलो. पण नंतर लक्षात आलं की तेवढंच आलंय. जेवणार का? जी साब. दुखतं का? जी साब. तुझा फोटो दाखवून हा कोण विचारलं, तरी जी साब, आणि डोळ्यांत पाणी. म्हणजे फोटो कुणाचा ते पक्कं ठाऊक, पण तोंडून निघतं भलतंच. आतल्या वाटा बंद पडल्या की रोजच्या वापराचा एखादाच शब्द मोकळा राहतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. माझ्या अभ्यासक्रमात हे सगळं होतं. फक्त समोर आपला बाप बसलेला नव्हता.

सोमवारी आणि गुरुवारी त्यांना विभागात आणायचं असतं. मी सकाळीच जाते, म्हणून दासगावहून त्यांना दुपारी, सकाळची शाळा सुटली की, सुहास आणतो. त्यांचं बूट बांधणं, रिक्षात बसवणं, सगळं तोच करतो. सुहास म्हणजे पोलादपूरच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवतो तो. त्याच्या शाळेतल्या मुलांचे कान तपासायला गेले होते तेव्हा ओळख झाली. स्वभावाने बरा आहे. थोडा हळू बोलतो, पण ऐकतो नीट. आणि माझ्या धंद्यात ऐकणारा माणूस म्हणजे...

बरं, जाऊ दे. तू आता हसतोयस हे मला इथून दिसतंय.

हो. तेच. झटक्याच्या आधीच्या आठवड्यात मी बाबांना सुहासचं सांगितलं होतं. ते खळ्यावर होते. त्यांनी ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले आणि पेंढी उचलली. त्यांचं 'बघू' तुला माहीतच आहे. त्यातून हो निघतं की नाही, ते त्यांनाच ठाऊक असतं. मी म्हटलं, देतील उत्तर सावकाश. आणि मग उत्तर द्यायला त्यांच्याकडे शब्दच उरला नाही. तुला सांगायचं होतं, पण काय सांगणार? बाबांच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नव्हतं. ते वाट बघायला लावतील तर मी बघेन, पण त्यांना न विचारता लग्न करायचं नाही, हे माझं पक्कं होतं.

तेवढ्यात जानेवारीत सुहासचे राजेंद्रकाका आणि त्यांच्याकडची माणसं बोलणी करायला आली. आईने पोहे केले. राजेंद्रकाका बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "मग हवालदारसाहेब, मुलगी देताय ना आम्हाला?"

"जी साब."

"लग्न साधंच करू, विहारात. चालेल?"

"जी साब."

"मे महिन्यात उरकून टाकू?"

"जी साब!"

काका खूश. "बघा, याला म्हणतात फौजी माणूस! आढंवेढं नाय, काय नाय!" आईलाही तो होकारच हवा होता, तिने साखर वाटायला घेतली. सगळे एकमेकांच्या तोंडात साखर घालतायत, बाबाही हसतायत, आणि मी चहाचा ट्रे धरून खांबासारखी उभी. ज्या उत्तराची मी इतके दिवस वाट पाहिली ते आलं होतं, पण ते उत्तर नव्हतं. हे त्या घरात मला एकटीला कळत होतं, असं मला वाटलं.

मला एकटीला नव्हतं. सुहासने हातातली साखर तोंडात घातली नाही. परत वाटीत ठेवली आणि म्हणाला, "काका, हा होकार नाही. त्यांना सध्या एवढंच बोलता येतं. आपण थांबूया."

काका चिडले. "आरं, माणूस सोता हो म्हणतोय, आन् तूच नाय म्हणतोस?"

"ते म्हणतील तेव्हा म्हणतील," सुहास म्हणाला.

त्या दिवशी लग्न मोडलं की काय, या धास्तीने आई जेवली नाही. मी मात्र दोन वेळा वाढून घेतलं. असा नवरा मिळणार असेल तर भूक लागणारच ना.

पण बाबांचा खरा शब्द काढायचा कसा? चित्रं दाखवली, वस्तू दाखवल्या. कंगव्याला मुद्दाम चमचा म्हटलं, की चिडून तरी 'नाही' म्हणतील. कंगवा बघून मान ताठ, नजर समोर, "जी साब". आणि एका सोमवारी त्यांची ती ताठ मान बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी टेबलाच्या पलीकडे, अंगात पांढरा कोट, बाहेर दारावर प्रमुख म्हणून पाटी. बाबा समोरच्या खुर्चीत. त्यांच्यासाठी टेबलामागे बसतो तो साहेब, आणि साहेबाने कंगव्याला चमचा म्हटलं तर तो चमचाच असतो! माझी पद्धत चुकली नव्हती, माझी जागा चुकली होती.

गुरुवारी कोट काढून ठेवला. तुझी जुनी एनसीसीची टोपी घरून घेऊन गेले होते, ती घातली. बाबांची खुर्ची व्हरांड्याच्या मधोमध मांडली, शेजारी सुहासला बसवलं आणि सोनालीला म्हटलं, तू हुकूम दे. रंगरुटांना कवायत शिकवण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याच्यासमोर मी रंगरूट झाले.

सोनाली ओरडली, "दाहिने मुड!" मी डावीकडे वळले. बाबांच्या भुवया वर गेल्या. "तेज चल!" मी डावा पाय आणि डावा हात एकदम पुढे टाकत निघाले. खूप अवघड असतं रे ते, करून बघ. बाकावर बसलेले पेशंट टाळ्या पिटायला लागले. जिन्यातून कर्नलसाहेब वर आले, आपल्या विभागप्रमुखाची ती चाल पाहिली आणि एक अक्षर न बोलता आल्या पावली खाली गेले. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"नाय!"

मी थांबले नाही. तशीच चालत राहिले.

"नाय! नाय! नाय!"

प्रितम, मी व्हरांड्यात मटकन खाली बसले. सोनाली रडत होती, मीही रडत होते, आणि बाबा आम्हा दोघींवर नुसते डाफरत होते. इतकं गोड डाफरणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पण मी तिथेच हुरळून गेले नाही. हे 'नाय'सुद्धा त्या 'जी साब'सारखंच पोकळ निघालं तर? म्हणून टोपी तशीच ठेवून मी त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले आणि विचारलं, "बाबा, हे पोलादपूर आहे?" नाय. "महाड?" मान हलवली, हो. "माझं नाव सोनाली?" नाय. "आईचं नाव येसूबाई?" मान, हो. मी उलटसुलट करून कितीतरी विचारलं. एकही चुकलं नाही. शब्द त्यांचाच होता, आणि त्यामागे ते स्वतः होते.

आता विचारायला काही अडचण नव्हती आणि म्हणूनच भीती वाटली. सुहासकडे पाहिलं. त्याने मानेने खूण केली, विचार.

"बाबा, मी सुहासशी लग्न करू?"

बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाय."

थेरपिस्ट म्हणून मला उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि मुलगी म्हणून ते ऐकवत नव्हतं. सुहासचा चेहरा उतरला, पण बाबांच्या पाठीशी धरलेला हात त्याने काढला नाही.

बाबांचं झालं नव्हतं. ते ओठ जुळवत होते. "पि... पि..." कपाळावर घाम. शब्द मला कळला होता, पण मी तोंड मिटून घेतलं. सोनाली सांगायला पुढे झाली, तिला मी हाताने अडवलं. तिथे बसलेली सगळी म्हातारी माणसं बाकावरून पुढे वाकून बघत होती.

"पि-तम," बाबा म्हणाले. आणि मग अगदी स्वच्छ, "छुट्टी."

मी विचारलं, "प्रितमला छुट्टी मिळाली की करू?"

"मग!" असं म्हणाले, की जणू काय हे विचारायचं काही कारणच नव्हतं. आणि डावा हात सुहासच्या गुडघ्यावर ठेवला. सुहासने तो दोन्ही हातांत धरला आणि आमचे विज्ञानाचे सर सगळ्यांदेखत मुसमुसून रडले. महिपतमामा यंत्राची तपासणी करून घ्यायला आले होते, ते आता सगळीकडे सांगत फिरतायत की ही सोयरीक आपल्यासमोर जुळली.

तर हे असं आहे. विहार ठरलाय. राजेंद्रकाकांचा राग गेलाय, उलट ते रोज आईला फोन करून विचारतात, तारीख कोणती? आई सांगते, फौजेला विचारा. बाबांच्या तोंडी रोज एखादा नवा शब्द येतो. काल कोंबडीला शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. पण तारखेवरून ते हलत नाहीत. मी, आईने, काकांनी, सगळ्यांनी विचारून पाहिलं. तुझ्याशिवाय म्हटलं की, नाय.

तेव्हा साहेबांसमोर उभा राहा आणि छुट्टी माग. बहिणीचं लग्न म्हणून सांग. आत्ता नाही म्हणाले तर पुन्हा माग. पाऊस सुरू व्हायच्या आत कोणताही दिवस चालेल. तू वीर स्टेशनला उतरलास की सुहास न्यायला येईल. त्याला तू ओळखणार नाहीस, पण तो तुला ओळखेल, बाबांना तुझा फोटो दाखवून दाखवून त्याला तू पाठ झालायस.

हे पत्र मी आत्ता बाबांना वाचून दाखवलं. कवायतीच्या भागाला हसले. मग विचारलं, शेवटी तुमच्याकडून प्रितमला काय लिहू? बराच वेळ लागला. आईने शेंगा बाजूला ठेवल्या. मी मधे काही बोलले नाही, काही सुचवलं नाही.

म्हणाले, "ये."

तुझी,
ताई