गणितात गेली

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आज माझी नात तेवढी आहे. मधल्या एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल चांगलंच ऐकत आले, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर आईनं अंथरूण धरलं, तेव्हा भावकीतल्या बाया तुम्हाला दुसरी बायको करायला सांगत होत्या. तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथे दिवसभर पाट्या वाहून तुम्ही चालत घरी यायचात, आईचं अंग पुसायचात आणि चुलीपुढे बसायचात. गावातले गडी हसायचे. "हसू द्या. त्यांच्या घरात पडलं कुनी, मंग कळंल," म्हणत तुम्ही भाकरी थापत राहायचात. जाड व्हायच्या तुमच्या भाकरी, कडेला कच्च्या. आम्ही चौघं भावंडं त्या दुधात कुस्करून खायचो, आणि तुम्ही आमच्या ताटांकडे बघत बसायचात.

सातवीच्या फायनलला आमच्या गावातून बसलेली मी एकटीच मुलगी. परीक्षा पुण्याला होती. गुरुजींनी तुम्हाला घरी येऊन समजावलं होतं, पोरगी पास झाली तर पुण्यातच मास्तरणीचं ट्रेनिंग, दोन वर्षं राहायची सोय तिथेच, मग शाळेत नोकरी. परीक्षेचे सगळे दिवस तुम्ही कामावर खाडा केलात. मला घेऊन जायचात आणि शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहायचात. पायात चप्पल नको का परीक्षेला, म्हणून नवी चप्पल घेतलीत. ती मला लागली, तर येताना स्वतःच्या हातात धरलीत. गणिताचा पेपर सुटला तो दिवस मला अजून दिसतो. मी बाहेर येते आहे, तुम्ही उठून धोतर झटकता आहात.

"जमलं का?"

"सगळी आली, आबा."

"मंग मास्तरीण व्हतीस की तू," तुम्ही म्हणालात. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलंत, "माजी पोरगी हाय."

निकाल लागला त्या दिवशी मी धाकट्याला भरवत होते. तुम्ही गुरुजींकडून आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "न्हाई झालं, बाय. गणितात गेली म्हनत्यात."

"पण माझी सगळी आली होती."

"आली असती तर पास न्हाई का केलं असतं?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा बसते. तेव्हा तुमचा आवाज चढला. आयुष्यात एकदाच माझ्यावर चढला तो. "आईकडं बघ आधी. पुस्तकं काय पळून चालली न्हाईत."

मी बघितलं आईकडे. दोन वर्षं बघितलं. गुरुजी लांबून दिसले तरी मी वाट बदलायचे, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. आई उठून बसायला लागली, घरात वावरू लागली, आणि त्याच वर्षी तुम्ही मला चाकणकडे दिलीत. सासर वाईट नव्हतं. पण माझी पोरं पाटी घेऊन आली की मी सांगायचे, वडलांना विचारा, मला गणित येत नाही. त्यांच्या शाळेत आई म्हणून कधी गेले नाही. हुशार समजत होतो आपण स्वतःला, आणि होतो ढ, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

तुम्ही सहा दिवसांच्या तापात गेलात. दहाव्याला पवनेच्या घाटावर सगळा गाव आला होता. जो तो सांगत होता, असा कुटुंबाला धरून राहणारा माणूस होणे नाही. मीही रडत होते, खरं रडत होते. गुरुजी सायकलवरून आले. आता तोंड चुकवायला जागा नव्हती. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "एक सांग पोरी, तू ट्रेनिंगला का गेली नाहीस?"

"नापास झाले होते ना मी."

"कोण म्हणालं? केंद्रात मुलींत पहिली होतीस तू. गणितात तर पैकीच्या पैकी. मी तुझ्या वडलांच्या हातावर पेढा ठेवला. दोन दिवसांनी फॉर्म घेऊन घरी यायला निघालो, तर वाटेतच गाठून म्हणाले पोरीचंच मन नाही." बोलता बोलता ते थांबले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. "मी तुला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत निघून गेले.

घरी आल्यावर आईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"न्हाई गं. पर त्या दिशी त्यांनी भाकरीला हात लावला न्हाई, येवढं ध्यानात हाय."

तुम्हाला वाईट वाटलं होतं, म्हणजे तुम्हाला कळत होतं. त्याचाच मला जास्त राग आला, आबा. वाईट माणसानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळं होतं. तुमच्यावर मी कुणापाशी रागावू? आई तुमच्यामुळे जगली. भाऊ शिकले, कारखान्यात कायम झाले, आज निगडीत त्यांची घरं आहेत, दर्शनी भिंतीवर तुमचा फोटो आहे. त्यांना मी काही सांगितलं नाही. हा कागदही कुणाला दाखवणार नाही.

तुम्हाला फक्त एक सुनावायचं म्हणून लिहायला बसले. सरळ विचारलं असतंत, "बाय, घरासाठी राहतीस का?" तर मी आपणहून राहिले असते, खोटं बोलायची गरज नव्हती. इतकी वर्षं मनात हेच घोकत आले. आता ते कागदावर उतरलं आणि मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले त्याच्याकडे.

राहिले नसते, आबा. आई तशी पडलेली असतानाही, मी गेले असते.