सोमवारी पांढरी होणारी भिंत

२ मार्च, शनिवार

आज कलादालनाच्या संचालकबाईंनी सांगून टाकलं. माझी कार्यशाळेची खोली जाणार! तिथे कॉफीची टेबलं येणार. एकोणीस वर्षांच्या शनिवारांचा निकाल दोन वाक्यांत लागला. वर म्हणाल्या, "आम्हाला तुमची किती कदर आहे, तुम्हाला माहितीच आहे." कदर म्हणे!

मी "बरं" म्हटलं आणि खोलीत जाऊन कोळशाच्या कांड्या डब्यात भरत बसले.

३ मार्च, रविवार

पहिला शनिवार आठवतोय. पाच माणसं आली होती, त्यातली दोघं स्वच्छतागृह शोधत आत शिरलेली. मी म्हटलं, "ही अख्खी भिंत तुमची. हवं ते काढा. फोटो घ्यायचे नाहीत. सोमवारी भिंत पुन्हा पांढरी होईल."

"मग काढायचं कशाला?" — निवृत्त बसकंडक्टर आजोबा. मी ऐटीत उत्तर दिलं होतं — काढायला सगळ्यांना येतं, सोडायला शिकावं लागतं — असलं काहीतरी! तेहतीस वर्षांची होते, अशी वाक्यं तोंडावर असायची. तेच आजोबा पुढे नऊ वर्षं येत राहिले. दर शनिवारी तीच बस. शेवटी शेवटी हात थरथरायचा, तर म्हणायचे, "आज रस्ता खराब आहे." किती हसायचो आम्ही! आता तसं हसायला होत नाही.

६ मार्च, बुधवार

जुनी चित्रं दुरुस्त करतात ते गृहस्थ — कपाळावर कायम भिंग, म्हणून आमच्यात भिंगवाले — म्हणाले, "एकोणीस वर्षांचे थर आहेत त्या भिंतीवर. शेवटच्या शनिवारी लोकांसमोर एकेक उघडू या." संचालकबाई खूश. पोस्टर छापायला गेलंसुद्धा.

 आईचं चित्र असेल तिथे!

७ मार्च, गुरुवार

आई कार्यशाळेत एकदाच आली, बारा वर्षांपूर्वी. मी विसरलेला डबा द्यायला! तिनं घरी बसून चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, त्यावर आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. माझ्या नोकरीबद्दल शेजारणींना सांगायची, "भिंती खराब करते, वर पगारही देतात!" हसत म्हणायची, पण मला लागायचं. एकदा तरी म्हणावं, चांगलं काम करतेस गं. नाही म्हणाली कधी.

त्या दिवशी कंडक्टर आजोबांनी तिच्या हातात कोळसा कोंबला. "काढा हो, सोमवारनंतर कोण बघतंय!" तिनं बाह्या सारल्या आणि आमच्या जुन्या स्वयंपाकघराची खिडकी काढली. खिडकीखाली शिलाई मशीन. जमिनीवर चिंध्या वेचणाऱ्या आम्ही दोघी. रेघा सगळ्या तुटक, धावदोऱ्यासारख्या. दोन तास मान वर केली नाही. मग हात धुतले, "डबा खा वेळेवर" म्हणाली आणि गेली.

फोटो नाही. माझाच नियम! आईला जाऊन चार वर्षं झाली, आता वाटतं, आग लागो त्या नियमाला. तिनं ते मनापासून काढलं होतं, की नुसतं माझं मन राखायला? चित्र पुन्हा दिसलं तर कळेल मला.

धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, तू अजून आईच्या शाबासकीची वाट बघतेयस." हो, बघतेय. मग?

११ मार्च, सोमवार

म्हटलं, भिंत पांढरी करायचा त्या रंगाऱ्याला एकदा विचारून घेऊ, आता निवृत्त असला म्हणून काय झालं. भिंगवाले म्हणाले, "त्याला काय विचारायचं? भिंतच बोलेल."

१६ मार्च, शनिवार

साठ-सत्तर माणसं जमली. एकेकाळी खालच्या फुटभर जागेत रेघोट्या मारणारी पोरं आज स्वतःची पोरं कडेवर घेऊन आली. रंगारीही आला — पोस्टर वाचून, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी मागे उभा.

आईनं काढलं होतं तिथेच सुरुवात करा म्हटलं. भिंगवाल्यांनी पातं लावलं. पांढरा. खाली पांढरा. त्याखाली पुट्टी. त्याखाली थेट प्लास्टर! दुसरीकडे खरवडलं — तेच. तिसरीकडे — तेच. लोक चुळबुळायला लागले.

मागून रंगारी म्हणाला, "थर कुठून असणार साहेब? कोळशावर नुसता रंग मारला तर काळं वर येतं. मी दर सोमवारी पॉलिश पेपर मारायचो, मग रंग. वर्षातून एकदा प्लास्टरपर्यंत खरवडून नवी पुट्टी. माझ्या जागचा पोरगाही तेच करतो."

"आधी का नाही सांगितलं?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"विचारलं कुठे कुणी?"

सगळे हसले. सोमवारी दालन बंद, त्यामुळे आमच्यापैकी कुणी कधी फिरकलंच नव्हतं. मी एकोणीस वर्षं सोडण्यावर भाषणं ठोकली आणि भिंत पांढरी कशी होते हे मला ठाऊक नव्हतं! पण राग आला तो त्याचाच. सगळ्यांदेखत ओरडले, "एखादा कोपरा तरी सोडायचात!" तो खाली बघत राहिला. घरी येऊन खूप रडले.

१७ मार्च, रविवार

चोख काम केलं म्हणून माणसाला बोल लावला मी. लाज वाटते.

१८ मार्च, सोमवार

सकाळीच रंगाऱ्याच्या घरी माफी मागायला गेले. आईच्या चित्राचं सांगितलं.  तो म्हणाला, "ताई, ते चित्र मी घासलेलं नाही. त्या सोमवारी तुमच्या आई दार ठोठावून आत आल्या. माझ्या हातातून पॉलिश पेपर घेतला. मी म्हटलं, राहू द्या आठवडाभर, कागद लावून झाकतो, कुणाला कळतंय? तर म्हणाल्या, माझ्या मुलीचा नियम आहे. आईसाठीच मोडला तर तिच्या कामाची काय किंमत राहिली? तासभर घासत होत्या. एक रेघ ठेवली नाही."

"बारा वर्षं मला बोलला का नाहीत?"

"त्यांनीच बजावलं होतं. तिला सांगू नका म्हणाल्या, शेफारेल."