आडनावापुरती पाटी

अब्बा,

गेल्या महिन्यात मी गुरुग्रामला राहायला आले. उंच इमारत, खाली फाटकावर वर्दीतले पहारेकरी, लिफ्टमध्ये कॅमेरा. कोणी भेटायला आलं की आधी माझ्या मोबाइलवर विचारणा होते, मी हो म्हटलं तरच त्याला आत सोडतात. तुम्ही असता तर बाल्कनीत खुर्ची ओढून दिवसभर त्या फाटकाकडे बघत बसला असता आणि शेवटी म्हणाला असता, "बंदोबस्त चोख आहे हं." मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसातला माणूस दारावरच्या पाटीचं विचारायला आला. "मॅडम, पूरा नाम लिखवाना है या सिर्फ सरनेम?" इतका साधा प्रश्न. तो बिचारा वाट बघत उभा होता, आणि मी मनाने आपल्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरच्या दारात जाऊन पोचले होते, तुमच्या हातात हातोडी होती त्या सकाळी.

तुमची बदली दिल्लीला झाली तेव्हा मी तिसरीत होते. मिरजेहून निघताना तुम्ही खास पितळी पाटी करून घेतली होती. सरकारी क्वार्टर मिळालं, केवढी ऐट! तुमचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव, सगळं मराठीत कोरलेलं. आईने ती चिंचेने घासून दिली, तुम्ही भिंतीवर खिळा धरलात, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आंटी चहाची किटली घेऊन वर आल्या. टेम्पोवाल्याला तुम्ही सांगितलेलं आडनाव त्यांच्या कानावर पडलं होतं. आपल्या भागात ज्याच्या घरी गावचं वतन, त्याचं ते आडनाव. त्यावरून माणूस हिंदू की मुसलमान ते कळत नाही, आणि गावात सगळ्यांना ठाऊकच असतं म्हणून कोणी विचारतही नाही. दिल्लीत मात्र ते फक्त मराठ्यांचं. "मराठे हो आप लोग? अच्छा हुआ जी," आंटी म्हणाल्या, "हम तो डर रहे थे, पता नहीं कौन आ जाए. आजकल कोई भी आ जाता है." तुम्ही पाटी पालथी करून छातीशी धरलीत आणि म्हणालात, "जी, महाराष्ट्र से हैं." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांचा आल्याचा चहा फार छान होता, आणि तुम्ही तो उभ्या उभ्याच प्यायलात.

पाटी ट्रंकेत गेली. तिच्या जागी पत्र्याची आली, दोन आद्याक्षरं आणि आडनाव, इंग्रजीत. मग एकदा जेवताना तुम्हीच म्हणालात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." "आणि उघडली तर?" आईने विचारलं. तुम्ही भाकरी मोडत राहिलात. गाव परकं, हिंदीही आपली धड नव्हती. अशा ठिकाणी बायकोमुलीला घेऊन आलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं, हे आज मला कळतं. तेव्हा तो मला खेळ वाटायचा. घरात आपण मराठीच बोलायचो, आईला मी आधीपासून आईच म्हणायचे. तिच्या गळ्यात काळी पोत होतीच, टिकली तेवढी नवीन. माझं नाव कुठेही खपून जाणारं. बदलायची राहिली ती फक्त तुम्हांला मारायची हाक. घरात अब्बा, जिन्यात पाऊल टाकलं की बाबा.

ईदला तुम्ही ऑफिसला निघाल्यासारखे शर्ट-पँट घालून बाहेर पडायचात, टोपी घडी करून खिशात. शिरखुर्म्याचा वास जिन्यात जायच्या आत आई आंटींकडे वाटी पाठवायची, शेवयांची खीर म्हणून. आंटींनी ती वाटी कधी रिकामी परत केली नाही. कधी हलवा, कधी मूठभर शेंगदाणे, काहीतरी घालूनच द्यायच्या. गंमत म्हणजे आपण सगळ्यांत जास्त भ्यायचो ते मराठी माणसांना. आंटींना आडनाव पुरलं. मराठी माणूस दुसऱ्या वाक्यात मूळ गाव विचारणार आणि तिसऱ्यात कुलदैवत. शेजारच्या ब्लॉकमधल्या काकूंचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की आईचं डोकं दरवर्षी न चुकता दुखायचं. मराठी म्हणून राहायचं आणि बाजारात मराठी शब्द ऐकू आला की रस्ता बदलायचा, असं आपलं दिल्लीतलं मराठीपण. तुमच्या ऑफिसात सगळं माहीत होतं, पण त्या लोकांपैकी आपल्या ब्लॉकमध्ये कोणी राहत नव्हतं. ते आपलं नशीब की दुर्दैव, मी अजून ठरवलेलं नाही.

मग मशीद पाडली गेली तो डिसेंबर आला. गावोगावी पेटलं होतं, शाळा बंद होत्या. घरातली भाजी संपली म्हणून तुम्ही मला घेऊन सरोजिनी नगरच्या बाजारात गेलात. मटार निवडत होतो, आणि कुठेतरी दुकानांची शटरं धडाधड पडू लागली, कोणीतरी ओरडलं, माणसं पळत सुटली. नुसती अफवा होती म्हणे. पण माझा हात सुटला. मला आठवतंय ते असं: मी एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी आहे, तुमचा राखाडी स्वेटर समोर दिसतोय, तुम्ही मान उंच करून मलाच शोधताय, आणि मी जीव खाऊन ओरडते, "अब्बा!" तुमची पाठ ताठ होते. तुम्ही वळत नाही. आजूबाजूची माणसं मात्र वळून माझ्याकडे बघतात. मी पुन्हा ओरडते, "बाबा!" आणि तुम्ही धावत येता. मी उचलून घ्यायच्या वयाची राहिलेली नाही, तरी उचलता, आणि घरापर्यंत खाली ठेवत नाही. तुमचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं. जिन्यात आल्यावर एवढंच म्हणालात, "बाहेर काय म्हणायचं ठरलं होतं, बाळा?" रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तुम्ही विनवणी केल्यासारखं बोललात.

त्याच संध्याकाळी ब्लॉकमधल्या पुरुषांनी रात्री आळीपाळीने पहारा द्यायचं ठरवलं. आंटींचे मिस्टर काठी घेऊन आपल्या दारात आले. "मराठा आदमी साथ हो तो फिर क्या डर! उधर से कोई आया तो छोड़ेंगे नहीं." तुम्ही म्हणालात, "बिल्कुल." मफलर गुंडाळलात, काठी घेतलीत आणि त्यांच्यामागून खाली उतरलात. डोळ्यांत तेल घालून तुम्ही आपल्यापासूनच कॉलनी राखलीत, अब्बा. सकाळी काठी दारामागे टेकवून चहा पिताना आईला सांगायचात, "आता काळजी नाही. पहारा देणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही." त्या दिवसांत आई गॅसपाशी पाठमोरी उभी राहून रडायची, आणि तुम्हांला मात्र दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोप लागायची. मला तुमचा भयंकर राग यायचा. तुम्हांला भित्रा म्हणावं तर तुम्ही त्याच माणसांच्या मधोमध, जीव मुठीत धरून, रोज जाऊन उभे राहत होता.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. ऑफिसला निघताना जिन्यातच कोसळलात. आंटींनीच हाका मारून माणसं गोळा केली, आईचं डोकं त्यांनीच मांडीवर घेतलं. दुपारी खाली बांबू आले, मडकं आलं. आंटी आईच्या कानाशी म्हणाल्या, "भाभीजी, पंडितजी को बुला लिया है. आप बस बता दो, आपके यहाँ कैसे करते हैं." आईने माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हमारे में दफनाते हैं." आंटी कितीतरी वेळ आईकडे बघत होत्या. त्या चिडल्या नाहीत. "इतने साल," म्हणाल्या, "हमसे डर लगता था?" खाली कोणीतरी बांबू उचलून नेले. तुम्हांला खांदा द्यायला ऑफिसातले लोक आले, मशिदीतले अनोळखी लोक आले. तुमच्याबरोबर पहारा दिलेले लोक बाल्कनीत हात जोडून उभे होते. आंटींचे मिस्टर तेवढे कॉलनीच्या फाटकापर्यंत चालत आले आणि तिथे थांबले.

आपल्या घरी चूल पेटत नव्हती तोवर आंटींकडून डबे आले, राजमा, भात, तुम्हांला आवडायची ती कढी. मग आई डबे घासून परत द्यायला खाली गेली. मी जिन्यात होते. आंटी दारातूनच म्हणाल्या, "रहने दो भाभीजी, रख लो. हमारे पास बहुत हैं." आई डबे घेऊन वर आली आणि ओट्यावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. आंटी वाईट नव्हत्या. आईच्या टायफॉइडमध्ये त्यांनी तिचे पाय चेपले होते. त्यांना आधीपासून खरं माहीत असतं, तर त्या डिसेंबरात त्यांनी आपल्याला स्वतःच्या घरात लपवलं असतं का? कदाचित लपवलं असतं. तुम्ही त्यांना ती संधीच दिली नाहीत, आणि द्यायला हवी होती असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

परवा त्या माणसाला मी म्हटलं, "सरनेम ही लिख दो." पाटी लागली, छान आहे. तुमची पितळी पाटी माझ्या कपाटात आहे. चिंच आणून घासली, तुमचं नाव लख्ख निघालं, आणि परत साड्यांखाली ठेवून दिली. सोसायटीच्या ग्रुपवर लोक रोज काय काय लिहितात. ते मी वाचते आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकते. माझं "बिल्कुल" ते हेच. फाटकावरचे पहारेकरी मला बघून सलाम ठोकतात, आणि मला रात्री नीट झोप लागत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते त्या पाटीखालीच जाईल. एक सांगायचं राहिलं. मघाशी लिहिता लिहिता बेल वाजली. मी एकटीच राहते, घरात लपवण्यासारखं काही नाही. तरी उठायच्या आधी हा कागद पालथा घातला आणि मगच दार उघडलं. कुरिअरवाला होता. त्याला मराठी कुठलं यायला. पण वरचा पहिला शब्द त्याला वाचता आला असता.