तिमेचं गलबत आणि माझ्या खाटेखालचा दोर

बकारी, लेका, तुझ्या लक्षात काही राहत नाही. न्गाझिजा बेट कुठल्या दिशेला आहे हेही तू गेल्या खेपेला विसरलास. म्हणून हे लिहून ठेवायला लावते आहे. अक्षर काझींचे लेखनिक शेख अथमान यांचं, शब्द माझे.

अल्लाच्या नावाने. मी, म्वानाकोंबो बिंती फमाऊ, राहणार माटोंडोनी, लामू बेट. डोळे अधू, दात तीन, डोकं शाबूत. कोणाच्या दबावाखाली नाही. माझ्यावर दबाव आणणारा माझा नवरा होता, तो केव्हाच गेला.

एक. घर आणि अंगणाची वाटणी शरियतप्रमाणे व्हावी. त्यात मी हात घालत नाही.

दोन. भरतीच्या चिखलातला काथ्या कुजवायचा माझा खड्डा शेजारीण झुहुराला द्यावा. गलबत मस्कतला गेल्याचं तिनेच मला सांगितलं. पण गेल्यावर सांगितलं. "तुला आधी ठाऊक होतं?" मी विचारलं. "अगं म्वानाकोंबो, सगळ्या गावालाच होतं," ती म्हणाली. म्हणून खड्डा तिचा, काथ्या कुटायची मोगरी नाही. मोगरी माझ्या लेकीची, तिमेची.

तीन. 'सलामा' हे गलबत. त्याची डोलकाठी माझ्या बांगड्या मोडून आली. त्याचे सगळे दोर मी वळले, तळहात सोलून निघेपर्यंत. ते बांधलं एकाच कामासाठी. माझी लेक तिमे न्गाझिजाला विधवा झाली आणि तिने निरोप धाडला, "आईला सांगा, मला न्यायला या." बकारी, तू तिचा सख्खा भाऊ. तू म्हणालास, "आई, उत्तरेचा वारा सुटू दे, लगेच दक्षिणेला निघतो."

मी विश्वास ठेवला. तळाला चुना आणि चरबी फासली, वरच्या फळ्यांना मुशीचं तेल चोळलं, फटींत कापूस ठोसला. बकरा गलबताभोवती फिरवून कापला. आपल्याकडे नाखव्याच्या आईची शिदोरीची थैली डोलकाठीला पहिली लागते, तशी माझी लागली. आत तिमेसाठी हलवा. एकेक खलाशी माझा हात चुंबून गेला. "आजी, तिमेआत्याला घेऊनच येतो." त्यातल्या एकानेही नजर चुकवली नाही. इतकं छान खोटं बोलायला तू त्यांना कधी शिकवलंस?

मग मी पाते बेटावर मयतीला गेले. परत आले तर किनाऱ्यावर चरबीचे ओघळ आणि बकऱ्याचं दावं. दक्षिणेचा वारा अजून पडलेला नव्हता. त्याच वाऱ्यावर तुम्ही खाजणातल्या चिपीच्या लाकडाच्या बल्ल्या भरून उत्तरेला मस्कत गाठलंत, कारण तिथे भाव चांगला. येताना माझ्यासाठी शाल आणलीस. मी ती शेळीला पांघरली, तिला शोभते.

हलव्याचं विचारलं तर म्हणालास, "वाटेत खराब होत होता आई, संपवला."

आता हे गलबत मी तिमेला देते आहे. शेख अथमान म्हणाले, "बीबी, वारसाला मृत्युपत्राने जास्तीचं देता येत नाही. जिवंतपणी बक्षीस द्या. पण तिच्या हाती ताबा गेल्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही."

"तिच्या हाती म्हणजे कुठे?"

"ती असेल तिथे."

"मग लिहा. न्गाझिजाला, तिच्या दारात."

हे घडण्याआधी माझे डोळे मिटले तर बक्षीस फुकट, आणि बकारीला त्याचा वाटा मिळेल. त्याला घाई नाही, मला आहे. म्हणून शीड चढवायचा मोठा दोर मी सोडून आणला आहे. तो माझ्या खाटेखाली आहे. उत्तरेचा वारा सुटून गावातल्या नारळांच्या झावळ्या दक्षिणेकडे झुकल्या, की त्याच सकाळी तो मिळेल, आधी नाही. आणि बाजारातला दोर कोणी आणलाच, तर मी गलबतात जाऊन बसेन. म्हातारीला उचलून किनाऱ्यावर टाकायचं असेल तर सगळ्या गावासमोर टाका.

चार. तिमे गलबतातून उतरेल तेव्हा मी असेन वा नसेन. नसले तर तिला आधी घरात नेऊन जेवू घाला, मग कबर दाखवा.

साक्षीदार म्हणून मी त्याच खलाशांपैकी दोघांना बोलावलं. अंगठा टेकवताना शी बिन कोंबो म्हणाला, "आजी, या वेळी खरंच." मी म्हटलं, "गेल्या वेळीही तू हेच म्हणालास. अंगठा नीट दाब."

साक्षीदार: शी बिन कोंबो, खलाशी (अंगठा). मझे बिन हमादी, सुकाण्या (अंगठा).
नाखवा बकारी बिन उमर: वाचून दाखवलं, ऐकलं (सही).
म्वानाकोंबो बिंती फमाऊ (अंगठा).
माटोंडोनी, रबिउल आखिर, हिजरी १३७७.

सही झाल्यावर आठवलं, तेही लिहा शेख. तिमेच्या थैलीत सुकी मुशी आणि कैरीचं लोणचं द्यावं, तोंड शिवून. हलवा नको. खलाशांना तांदूळ, खजूर, लिंबं, हवं ते. बकारीला जाताना नुसता भात. नारळाचं कालवण त्याला परत आल्यावर तिमेने वाढलं, तरच मिळेल.