चौथी बाटली

४ जून
आले बाई एकदाची! चौदा वर्षं एक्स-रे काढले, सीटी काढले, एमआरआय काढले, तरी डॉक्टरांच्या लेखी मी बटणं दाबणारी. आता पीएचडी. लेकीने विचारलं, आई, तू सुई न टोचणारी डॉक्टर होणार का? हो गं माझे राणी!

काम सोपं आहे. एमआरआय यंत्र रोज तेच चित्र देतं का, ते तपासायचं. रोज सकाळी आधी पाण्याची सीलबंद बाटली यंत्रात ठेवायची, मग एक निरोगी डोकं. बाटलीचं चित्र सपाट राखाडी यायला हवं, डोक्याचं घड्याघड्यांचं. डोकं माझंच, वेळेवर हजर असणारं. यंत्र चालवतात इथल्या जुन्या टेक्निशियन, सगळ्यांच्या मावशी. कपाटात १, २, ३ अशी लेबलं लावलेल्या बाटल्या आहेत. माझे गाईड सर म्हणाले, त्या आधीच्या तिघा विद्यार्थ्यांच्या, तिघांनीही मध्येच सोडलं. मी नाही सोडणार.

१९ जून
बाटलीच्या चित्रात मधोमध पुसट सुरकुती. सर म्हणाले, यंत्राचा दोष, पुन्हा घे. घेतलं. तीच सुरकुती. पुन्हा घेतलं. तीच! अख्खा दिवस वाया.

८ जुलै
बाटलीत सुरकुत्या वाढताहेत आणि माझं डोकं पुसट येतंय. सरांनी अहवाल तिसऱ्यांदा परत पाठवला, लाल शेरा मारून: हलू नकोस. अहो, हलतंय कोण! चौदा वर्षं मीच लोकांना हलू नका म्हणत आले. मावशींनीही सांगितलं, पोरगी दगडासारखी पडून असते. ऐकतील तर ते सर कसले.

घरी लेकीला हाक मारायला तोंड उघडलं आणि नावच आठवेना. दमले असेन.

२५ जुलै
मावशी म्हणतात, सोड हे. आधीचे तिघं आपणहून गेले नव्हते म्हणे, घरच्यांनी हाताला धरून नेलं. मी चिडले. परत जाऊन बटणं दाबू?

तरी सर जेवायला गेल्यावर तिसरी बाटली यंत्रात ठेवली. आत नुसतं पाणी, डोळ्यांना दिसतं. पडद्यावर अख्खा मेंदू. डावीकडे जुन्या ऑपरेशनची खूण. मावशी म्हणाल्या, तिसऱ्या विद्यार्थ्याचं तिथेच ऑपरेशन झालं होतं.

२ ऑगस्ट
सोडते म्हणून सांगायला सरांकडे गेले. कशाला आले तेच आठवेना. शी! त्यांनी उद्याच्या स्कॅनची वेळ चिठ्ठीवर लिहून दिली. मी ती घेऊन परत आले —

९ ऑगस्ट
सर पहिल्यांदाच खूश. माझं चित्र सपाट राखाडी, एक घडी नाही. बाटलीत सगळं — ही वही चाळली. कुणीतरी लेकीबद्दल लिहिलंय. गोड असावी —

दारात एक मुलगी रडतेय. मला आई म्हणते. कुणाची बिचारी —

मावशी लेबल घेऊन आल्या. नुसता चार आकडा नको, नाव लिहिते म्हणाल्या. सांग म्हणाल्या. सांगते की, त्यात काय. माझं नाव —